सातवं गिऱ्हाईक

पन्नाशी उलटलेल्या मराठी माणसाला गुडघेदुखीच्या खालोखाल जडणारा विकार म्हणजे 'आपण एक हॉटेल काढू या'. गुडघ्याला निदान शेक तरी घेता येतो.

आमच्या टोळक्यात याची उबळ दर शनिवारी रात्री येते, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या हॉटेलात येते. ताटं उचलून नेलेली असतात. बडीशेपेची वाटी दुसऱ्यांदा रिकामी झालेली असते. आम्ही उठावं म्हणून वेटर शेजारच्या खुर्च्या जरा जास्तच आवाज करत उलट्या ठेवत असतो. अशा वेळी आमच्यातला बँकेतून निवृत्त झालेला गडी पुढे वाकून म्हणतो, "पनीरमध्ये मार्जिन किती असतं, माहितीय?" या गृहस्थाने जन्मात कधी पनीर विकत आणलेलं नाही. ते फ्रीजमध्ये आपोआप उगवतं अशी त्याची समजूत आहे. दुसरा वास्तुशास्त्र जाणतो. अजून न घेतलेल्या जागेचं तोंड त्याने पूर्वेला करून ठेवलंय. तिसऱ्याच्या मते त्याच्या बायकोच्या हातची आमटी खायला लोक थेट नाशिकहून येतील. बायकोला हे अजून कळवलेलं नाही. माझ्याकडे मेन्यू कार्डाचं शुद्धलेखन आहे.

आमच्या हॉटेलाचं तसं सगळं ठरलेलं आहे. बोर्डाचा रंग ठरलाय, भिंतीवर जुन्या पुण्याचे फोटो लावायचं ठरलंय, नातेवाइकांनासुद्धा उधारी नाही हेही ठरलंय. गल्ल्यावर कोण बसणार याची भानगडच नाही, कारण चौघेही बसणार आहेत. कांदा कोण चिरणार हा विषय निघाला की मात्र कुणीतरी घाईघाईने बिल मागवतं.

या मंडळींना गप्प करायला मी एक गोष्ट हाताशी ठेवलेली आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या रूथ फर्टेलबाईंची. बाईंनी स्टेक हाउस चालवलं.

"स्टेक म्हणजे नक्की काय रे?" वास्तुवाला विचारतो.

"बीफचा दोन बोटं जाड तुकडा. भट्टीत भाजलेला."

"शिव शिव शिव!"

"अरे, तुला खायला नाही सांगत, ऐकायला सांगतोय."

शिवाय महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कडक कायदा २०१५ पासून लागू आहे. त्यामुळे ही गोष्ट ऐकून कुणी उद्या कोथरूडला स्टेक हाउस टाकेल, ही भीती नाही. गोष्ट सांगायला म्हणूनच ती मला सुरक्षित वाटते.

गोष्ट रूथबाईंपासून नव्हे, क्रिसपासून सुरू होते. क्रिस मातुलिच या माणसाने २७ फेब्रुवारी १९२७ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये 'क्रिस स्टेक हाउस' उघडलं. खुर्च्या ६०. पुढची ३८ वर्षं हे हॉटेल त्याच्याकडे होतं, असं म्हणायची पद्धत आहे. वस्तुस्थिती अशी की या ३८ वर्षांत त्याने ते ६ वेळा विकलं. सहाही वेळा घेणारा बुडाला, आणि सहाही वेळा क्रिसने तेच हॉटेल, त्याच खुर्च्यांसकट, पडत्या भावात परत घेतलं.

इथे मी मुद्दाम थांबतो. बँकवाल्याचे डोळे चमकतात.

"म्हणजे खरा धंदा स्टेकचा नव्हताच!"

"नव्हताच. खरा धंदा तुझ्यासारख्यांचा होता."

त्या सहा जणांना मी चांगला ओळखतो. दर शनिवारी भेटतात. क्रिसकडे जेवून, दात कोरत, भरलेल्या टेबलांवरून नजर फिरवत त्यांनी मनाशी गुणाकार केला असणार. इतकी टेबलं, इतकी माणसं, इतके डॉलर. या गुणाकारात एक गंमत आहे, त्यात मंगळवार कधीच येत नाही. मंगळवारी दुपारी तीन वाजता रिकाम्या हॉटेलात बसून माश्या मारणारा मालक हिशेबात धरायचा असतो, हे कुणाला सुचत नाही. क्रिसला ते पक्कं माहीत होतं. तो किल्ल्या हवाली करायचा, घरी जायचा आणि वाट बघायचा. दुसरे लोक हॉटेल चालवायला देतात आणि भाडं घेतात. हा विकायचा, एवढाच काय तो फरक.

१९६५ साली क्रिसने हॉटेल सातव्यांदा विकायला काढलं, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली आणि ती रूथबाईंच्या नजरेला पडली.

बाईंचा जन्म ५ फेब्रुवारी १९२७ चा, म्हणजे त्या या हॉटेलापेक्षा २२ दिवसांनी मोठ्या. लुइझियानात नदीकाठच्या 'हॅपी जॅक' नावाच्या गावात वाढल्या. शाळेत यत्ता ओलांडत ओलांडत १९ व्या वर्षी रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या, जोडीला भौतिकशास्त्र. काही दिवस शिकवलं. रॉडनी फर्टेल नावाच्या माणसाशी लग्न केलं, दोन मुलगे झाले. घोड्यांचं वेड होतं, तर शर्यतीचे घोडे तयार करण्याचा परवाना काढला. असा परवाना मिळवणाऱ्या लुइझियानातल्या त्या पहिल्या बाई. १९५८ मध्ये घटस्फोट झाला. घरी पडदे शिवून दिले, मग ट्युलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात लॅब टेक्निशियन झाल्या. पगार वर्षाला ४,८०० डॉलर. मुलं कॉलेजच्या वयाला येत होती आणि या पगारात फी बसत नव्हती.

"मग हॉटेलचा अनुभव?" आमटीवाला विचारतो.

"शून्य."

"आणि स्वयंपाकाची आवड?"

"मुलांच्या फीची आवड."

आमच्यापैकी कुणालाच हे फारसं आवडत नाही. हॉटेल काढायचं ते हौसेने, अशी आमची श्रद्धा आहे. गरजेपोटी काढलेल्या हॉटेलात आम्ही फक्त जेवतो.

बाईंनी सगळ्यांचा सल्ला घेतला. बँकवाल्यांचा, वकिलाचा, मित्रमैत्रिणींचा. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, या भानगडीत पडू नकोस. एवढं एकमत मिळाल्यावर बाईंनी राहतं घर गहाण टाकायचं ठरवलं. हॉटेलची किंमत १८,००० डॉलर, म्हणून कर्ज मागितलं १८,००० च. तेव्हा कुणीतरी हळूच विचारलं, की डागडुजीला आणि पहिल्या दिवशीच्या मांसाला पैसे कुठून आणणार? हे बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. मग कर्ज झालं २२,००० चं.

"विचारणारा बँकेतलाच असणार," बँकवाला कॉलर ताठ करतो.

२४ मे १९६५ ला नव्या मालकिणीने दार उघडलं. पहिल्या दिवशी ५ डॉलरचा एक, असे ३५ स्टेक खपले. आता हे मांस काही तुकडे करून घरपोच येत नसे. कमरेकडचा अखंड भाग यायचा, वजन ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो. तो हाडासकट कापून त्याचे सारख्या जाडीचे तुकडे पाडायचे. बाईंची उंची पाच फूट दोन इंच, वजन ११० पौंड. विजेची करवत परवडत नव्हती, म्हणून हातकरवत. रसायनशास्त्राची पदवीधर बाई टेबलावर ते धूड आडवं टाकून एक हात वर दाबून ठेवते आहे आणि दुसऱ्या हाताने करवत ओढते आहे, हाडाचा भुसा मनगटापर्यंत उडतो आहे, आणि बाहेर पाटी झुलते आहे, 'क्रिस'. आम्ही चौघांनी मिळून आजवर कापलेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे कलिंगड, आणि त्यातही आमटीवाल्याच्या बोटाला टाके पडले होते.

पहिल्या सहा महिन्यांत बाईंनी लॅबच्या वर्षभराच्या पगाराच्या दुपटीहून जास्त कमावलं. क्रिस मातुलिच फोनशेजारी बसून राहिला असेल बिचारा. सातवं गिऱ्हाईक किल्ल्या परत करायला आलंच नाही.

बुडायची संधी मात्र आली होती. सप्टेंबरातच. बेट्सी नावाचं चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सवर आदळलं आणि आठवडाभर वीज गेली. फ्रीजमध्ये स्टेक भरलेले, कर्जाचे हप्ते डोक्यावर. आमच्यासारख्याने काय केलं असतं? आधी वीज कंपनीला फोन, मग मेव्हण्याला फोन, मग फ्रीजचं दार दर दहा मिनिटांनी उघडून 'अजून गार आहे का' बघितलं असतं, आणि त्यामुळेच ते लवकर नासलं असतं. बाईंनी असतील नसतील तेवढे सगळे स्टेक भाजले, भावाला हाताशी धरलं आणि वादळग्रस्तांना व मदतकार्यातल्या माणसांना फुकट वाटून टाकले.

"पण सगळे कशाला?" बँकवाला कळवळतो. "निम्मे वाटायचे."

"आणि निम्म्यांचं काय करायचं?"

"...बघितलं असतं काहीतरी."

नोकरमाणसांच्या बाबतीतही बाईंचा हिशेब सरळ होता. त्यांनी वाढायला बायका ठेवल्या, आणि त्याही एकट्याने मुलं वाढवणाऱ्या. त्या काळी न्यू ऑर्लिन्सच्या बड्या हॉटेलांत काळा कोट घातलेले पुरुष वाढत. रूथबाईंकडे कित्येक वर्षं सगळ्या बायकाच. घरी फी भरायची असलेली बाई दांडी मारत नाही, हे त्यांना कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात वाचावं लागलं नाही. हळूहळू पुढारी, पत्रकार, खेळाडू, धंदेवाले तिथे पडीक राहू लागले. गायक फॅट्स डॉमिनोही येत असे. राज्याचं राजकारण विधानसभेत कमी आणि बाईंच्या टेबलांवर जास्त होऊ लागलं, आणि पुढारी जेवतो कसा हे जिला रोज जवळून बघायला मिळतं, तिला कुणी भाषण देऊन फसवू शकत नाही.

राजकारणाचा विषय निघालाच आहे तर घटस्फोटित नवरोबांचं सांगून टाकतो, कारण माझ्या मते या कथेतला सर्वांत लोभस माणूस तोच आहे. १९६९ मध्ये रॉडनी फर्टेल न्यू ऑर्लिन्सच्या महापौरपदाला उभे राहिले. जाहीरनाम्यात कलम एकच: शहराच्या ऑड्युबन प्राणिसंग्रहालयात गोरिला नाही, तो आणायचा. रस्ते नाहीत, गटारं नाहीत, पूररेषा नाही. गोरिला. प्रचाराला कधी शिकाऱ्याच्या पोशाखात जायचे, कधी खुद्द गोरिलाचा वेश घालून.

"किती मतं पडली?"

"३०८."

"डिपॉझिट गेलं म्हणायचं."

"ऐक पुढे. हरल्यावर त्याने पदरचे पैसे घालून दोन गोरिल्ले विकत घेतले आणि प्राणिसंग्रहालयाला दिले."

टेबलावर शांतता पसरते. पूर्ण बहुमताने निवडून आलेल्या आमच्या वॉर्डातल्या माणसाने बागेतला झोपाळा दुरुस्त करतो म्हणून सांगितल्याला किती पावसाळे झाले, हे ज्याचं त्याने मनात मोजून घ्यावं. या दांपत्याच्या मुलाने, रँडी फर्टेलने, पुढे आईवडिलांवर पुस्तक लिहिलं. आई स्टेकची सम्राज्ञी आणि बाप गोरिलावाला, अशी दोघांची ओळख त्याने पुस्तकाच्या नावातच करून दिली आहे. नाहीतरी दुसरी कुठली नावं शोभली असती!

१९७६ च्या सुरुवातीला बाईंनी जवळच एक दुसरी जागा दहा वर्षांच्या कराराने घेतली. पार्ट्यांना भाड्याने द्यायचा बेत होता. करारावरची शाई वाळते न वाळते तोच जुन्या हॉटेलाच्या स्वयंपाकघराला आग लागली आणि सगळं जळून गेलं. सात दिवसांत बाईंनी नव्या जागेत हॉटेल पुन्हा सुरू केलं. सात दिवसांत! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला झाकण बसवायचा ठराव तिसऱ्या सर्वसाधारण सभेकडे ढकललेला आहे.

खरी पंचाईत पुढेच होती. विक्रीच्या करारात क्रिसने एक कलम घालून ठेवलेलं: 'क्रिस स्टेक हाउस' हे नाव मूळ पत्ता सोडून दुसरीकडे वापरता येणार नाही. 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावणारा माणूस पेठेतच जन्मतो, ही आपली समजूत क्रिसने पार खोटी ठरवली. पत्ता तर जळून गेला होता. जुनं नाव सोडावं तर गिऱ्हाईक हरवणार, ठेवावं तर कोर्टकचेरी. तेव्हा बाईंनी पुढे नुसतं आपलं नाव चिकटवलं आणि झालं 'रूथ्स क्रिस स्टेक हाउस'. म्हणजे शालिनीचे गोविंदराव भोजनालय. यात शालिनी कोण, गोविंदराव तिचे कोण, आणि जेवण नक्की कुणाच्या हातचं, हे प्रश्न गिऱ्हाइकाने दाराबाहेरच सोडवून यायचं. शिवाय हे नाव जेवणाआधी एकदा आणि पेयपानानंतर एकदा मोठ्याने म्हणून बघावं. गाडी कुणी चालवायची ते आपोआप ठरतं. बाईंना स्वतःला हे नाव कधीच आवडलं नाही, आणि त्या तसं उघड सांगतही.

पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याच सुमारास टी. जे. मोरन नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाने बाईंच्या मागे लागून बॅटन रूजला पहिली शाखा काढली. शाखा फुटायला लागल्या तशा फुटतच गेल्या. १९९९ मध्ये बाईंनी धंद्यातला मोठा हिस्सा विकला, २००२ मध्ये त्या गेल्या. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सच्या ब्रॉड स्ट्रीटवरचं जुनं ठाणं बुडवलं आणि कंपनीने बाडबिस्तरा फ्लोरिडाला हलवला. २०२३ मध्ये डार्डन या बड्या कंपनीने दीडशेहून अधिक हॉटेलांची ती साखळी सुमारे ७१ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. एवढी रक्कम मोजणाऱ्यांनीही त्या नावाला हात लावला नाही. क्रिसने १८,००० डॉलरला विकलं ते विकलं, पण पाटीवरून काही तो उतरला नाही.

ही सगळी कहाणी मी अशी ठसक्यात सांगतो, याचं कारण मी स्वतः स्टेक हाउसात जाऊन आलेला माणूस आहे. न्यू जर्सीत भाच्याने आम्हा उभयतांना असल्याच एका ठिकाणी नेलं होतं. नाव सांगत नाही. त्यांची काही चूक नव्हती. आत चर्चमध्ये असावा तसा अंधार. मेन्यू कार्ड वाचायला मोबाइलचा दिवा लावावा लागला.

"मामी, इथलं वातावरण बघ," भाचा म्हणाला.

"दिसेल तेव्हा बघते," ही म्हणाली. मग वेटरला विचारलं, "यात शाकाहारी काय आहे?"

तो विचारात पडला आणि अत्यंत आदबीने म्हणाला, "चिकन आहे."

या हॉटेलांत ताट भयंकर तापवून आणायची रीत आहे. रूथबाईंच्या साखळीत तर भट्टी १,८०० अंश फॅरनहाइटवर आणि ताट ५०० वर, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण २६० सेल्सियस. त्यावर लोणी टाकतात आणि ते टेबलावर येईपर्यंत चरचरत असतं. वेटर ताट ठेवता ठेवता बजावतो, "ताट गरम आहे, हात लावू नका." मानवजातीच्या इतिहासात ही सूचना ऐकून ताटाला हात न लावलेला माणूस झालेला नाही. भाच्याने लावला. शेजारच्या टेबलावरच्या टाय घातलेल्या गोऱ्या गृहस्थाने लावला, आणि बायकोचं लक्ष नाहीसं बघून बोट तोंडात घातलं. ही म्हणाली, "काही एवढं नसेल," आणि तिनेही लावला. नंतर बराच वेळ सगळं हॉटेल पाण्याच्या ग्लासांना बोटं टेकवून गंभीरपणे गप्पा मारत होतं.

आमच्या वाट्याला भाजलेला बटाटा आला. स्टेकच्या किमतीत स्टेक सोडून काहीही येत नाही. बटाटा वेगळा, पालक वेगळा, मशरूम वेगळं. बटाटा तान्ह्या बाळाएवढा होता आणि चांदीच्या कागदात तसाच गुंडाळून आणला होता. वर साय, लोणी, पातीचा कांदा. हिने बिल स्वतःकडे ओढलं, डॉलरचे रुपये केले, आणि भाच्याला म्हणाली, "अरे, एका बटाट्याचे बाराशे? मार्केट यार्डात याचं पोतं येतं!"

एवढं सांगून मी नेहमीप्रमाणे पाण्याचा घोट घेतला. अपेक्षा अशी, की करवत, कर्ज, वादळ, आग हे सगळं ऐकून मंडळी हबकलेली असतील आणि आता तरी उठतील.

"बाराशे?" बँकवाला म्हणाला. "एकाचे?"

"एकाचे."

"आणि तो नुसता भाजायचा? चिरायचासुद्धा नाही?"

"नाही."

त्याने टिश्यू पेपर ओढला आणि वेटरकडे पेन मागितलं. वेटरने ते कसं दिलं, ते सांगत नाही. आमटीवाला म्हणाला, मंचरचा शेतकरी आपल्या ओळखीचा आहे. आणि मघाशी शिव शिव करणारा वास्तुवाला एकदम खुर्चीतून अर्धा उठला.

"अरे, म्हणजे शुद्ध शाकाहारी स्टेक हाउस!"

बोर्ड हिरवा करायचं तिथल्या तिथे ठरलं. त्याखाली बारीक अक्षरात 'जैन बटाटाही मिळेल' असं लिहायचं आहे.